बदकांच्या शिकारीसाठी ५,४०० डॉलर? आधी लायसन्स, मग बंदूक

ह्यावेळचा प्रश्न टेक्सासमधल्या केटीहून आलाय. वाचक ३५ वर्षांचे, एच-१बीवर (नोकरीचा व्हिसा), बायको एच-४वर (त्यावरच्या जोडीदाराचा व्हिसा), मुलगा पाच वर्षांचा. ऑफिसातले तिघं दर हिवाळ्यात बदकं मारायला जातात, मागच्या जानेवारीत हे नुसते बघायला म्हणून गेले आणि पार वेडे होऊन परत आले. आता लिस्ट तयार आहे: बेनेली सुपर ब्लॅक ईगल ३ शॉटगन २,००० डॉलर, ब्रीदेबल वेडर्स (पाण्यात उतरायची, पाणी न शिरणारी पँट) ९००, जॅकेट-ग्लोव्हज-बॅग ६००, कयाक ८००, तीन डझन डेकॉय (पाण्यावर सोडायची नकली बदकं) ३००, काडतुसं २५०, कॉल (बदकाचा आवाज काढायची शिट्टी) आणि किरकोळ १५०. झाले ५,०००, त्यावर सेल्स टॅक्स धरून ५,४००. दुकानाचं कार्ड घेतलं तर १८ महिने बिनव्याजी. शिवाय मित्रांच्या लीजमध्ये (शिकारीसाठी भाड्याने घेतलेली जमीन) एक जागा मोकळी आहे, तिचे सीझनला १,८००. दुसरीकडे बचत खात्यात ९,०००, महिन्याचा खर्च पुण्याच्या फ्लॅटचा हप्ता धरून ४,८००, आणि ४०१के मध्ये (निवृत्तीची बचत) कंपनीची मॅच (कंपनी घालते तो वाटा) पूर्ण घेऊन महिन्याला ९०० उरतात. बायको म्हणते हे काय खूळ, हे म्हणतात एवढी नोकरी करतोय तर एक शौक नको का. सांगा, घेऊ का?

शौक जरूर हवा, त्यावर माझं काहीच म्हणणं नाही. पण ही लिस्ट ज्या क्रमाने लिहिलीय तो क्रम उलटा आहे, सगळ्यात वर बंदूक आणि लायसन्सचं तर नावच नाही. तुमच्या केसमध्ये हा नुसता पैशाचा प्रश्न नाहीये.

अमेरिकेच्या फेडरल कायद्यात नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगायला सरसकट मनाई आहे, आणि एच-१बी त्यातच येतो. ह्याला जे थोडे अपवाद आहेत त्यातला तुमच्या कामाचा एकच, अमेरिकेतल्या कुठल्यातरी राज्याचं चालू हंटिंग लायसन्स तुमच्याकडे असणं. चालू हा शब्द महत्त्वाचा. टेक्सासचं वर्षाचं लायसन्स ३१ ऑगस्टला संपतं, म्हणजे १ सप्टेंबरला तुम्ही नवीन काढलेलं नसेल आणि बंदूक कपाटात असेल तर तुम्ही घरी झोपलेले असलात तरी गुन्हा चालू आहे, आणि त्याची शिक्षा १५ वर्षांपर्यंत आहे, व्हिसा आणि ग्रीन कार्डाच्या रांगेचं काय होईल ते वेगळंच. हेच मित्राची बंदूक उसनी घेण्याला लागू, रेंजवर भाड्याने घेण्यालाही. आणि बायको एच-४वर आहे, म्हणजे तीही त्याच मनाईत येते, तेव्हा कपाटाची किल्ली किंवा कोड तिच्याकडे असता कामा नये. मित्रांना ह्यातलं काही माहीत नसणार कारण ते सिटिझन आहेत, त्यांचा दोष नाही. इमिग्रेशन वकिलाला एकदा फी देऊन तासभर बसा, माझ्या दृष्टीने ह्या सगळ्या लिस्टमधला तो पहिला खर्च. ग्रीन कार्ड हातात आलं की ही लायसन्सची अट तुमच्यापुरती गळून पडते, पण ते कधी येणार हे आपल्या लोकांना मी काय सांगू.

आता पैसे. ९,००० म्हणजे तुमचा दोन महिन्यांचासुद्धा खर्च नाही, आणि एच-१बीवर नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवसांचा ग्रेस मिळतो. त्या ६० दिवसांत नवी नोकरी शोधायची, नाही मिळाली तर सामान आवरायचं, तिकिटं काढायची, गाडी विकायची, आणि आता त्यात बंदूकही विकायची, कारण ती काही पुण्याला बॅगेत घालून नेता येत नाही. लोक म्हणतात बेनेली चांगली किंमत धरून ठेवते, खरंय, पण ती निवांत गिऱ्हाईक शोधणाऱ्यासाठी. आठवड्यात विकायची म्हणून दुकानदाराकडे गेलात तर तो त्याचा भाव सांगणार आणि तुम्ही मान डोलावणार. म्हणून तिला गुंतवणूक समजू नका, वापरायची वस्तू समजा.

सहा महिन्यांचा खर्च बाजूला हवा, म्हणजे २८,८००. तुम्हाला अजून १९,८०० लागतात. महिन्याचे सगळे ९०० टाकले तर २२ महिने, ७५० टाकले तर साडेसव्वीस. म्हणजे चारएक महिने उशीर सोसून तुम्हाला दर महिन्याला १५० डॉलर, वर्षाला १,८०० शौकाला मिळतात, कुणाची बोलणी न खाता. मला हा सौदा ठीक वाटतो. वहिनींना हा आकडा दाखवा, बेनेलीचा फोटो नको.

लीजकडे मात्र नीट बघा, कारण बंदूक एकदाच घ्यायची असते आणि लीज दरवर्षी पैसे मागते. सगळं सामान पाच वर्षं चालेल असं धरलं तर वर्षाला १,०८० आणि लीजचे १,८००, झाले २,८८०, काडतुसं आणि पेट्रोल वेगळं. तुमच्या भागात बदकांचा सीझन नोव्हेंबर ते जानेवारी, मध्ये एक गॅप, शिवाय सप्टेंबरात टीलचे (छोटी बदकं) थोडे दिवस. त्यात थँक्सगिव्हिंग, ख्रिसमस, मुलाचं सॉकर, आणि पहाटे साडेतीनला उठून जायचं. तुम्ही वर्षाला दहा वेळा जाल? मला सहा वाटतात. सहाने भागलं तर एका सकाळचे ४८०. तिकडे एल कॅम्पो, गारवुड बाजूच्या भातखाचरांत गाईड माणशी साधारण २५० घेतात, टिप धरून ३००, त्यात ब्लाइंड (लपायचा आडोसा), डेकॉय आणि बदकं उचलून आणणारा कुत्रासुद्धा आला. म्हणजे दहा ट्रिपांच्या आत गाईडच स्वस्त. (तुमचं केटीसुद्धा एकेकाळी अशीच भातशेती होती, हिवाळ्यात हंस उतरायचे, आता तिथे आपण टाऊनहाऊस घेतोय.)

म्हणून पहिल्या सीझनचं बजेट मी असं करीन. टेक्सासचा हंटर एज्युकेशन कोर्स ऑनलाईन, साधारण ३० डॉलर, २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या सगळ्यांना लागतो. रेसिडेंट हंटिंग लायसन्स २५, मायग्रेटरी बर्ड एंडोर्समेंट (स्थलांतरित पक्ष्यांसाठीची जोडपरवानगी) ७, फेडरल डक स्टॅम्प (बदकांच्या शिकारीला लागणारं केंद्र सरकारचं तिकीट) २५, आणि लायसन्स काढताना विचारतात ते एचआयपीचे (मागच्या सीझनच्या शिकारीची पाहणी) प्रश्न फुकट. सरकारी जागांवर जायचं तर वर्षाचं पब्लिक हंटिंग परमिट ४८, त्यात पोर्ट आर्थरजवळचं जे. डी. मर्फ्री हे दलदलीचं राखीव क्षेत्र येतं. दोन गाईडेड ट्रिपा ६००. क्ले टार्गेटवर (हवेत उडवायच्या चकत्या) सराव आणि काडतुसं मिळून २५०. साधे निओप्रीनचे वेडर्स १३०. सगळं मिळून अकराशेच्या आसपास, म्हणजे १,८०० मधले ७०० पुढच्या वर्षीच्या बंदुकीसाठी शिल्लक. बंदूक ह्या सीझनला मित्राची, लायसन्स खिशात असताना आणि तो शेजारी बसलेला असताना, आणि वकिलाने हो म्हटल्यावरच.

सरावाला मी मुद्दाम पैसे ठेवलेत. २,००० ची बंदूक घेऊन न लागलेले नेम आणि ४०० ची घेऊन न लागलेले नेम ह्यात बदकाला काही फरक पडत नाही.

पुढच्या वर्षी तरीही वेड टिकलं असेल तर बंदूक घ्या. १२ गेज (नळीच्या जाडीचं माप), तीन इंची काडतूस घेणारी, बस. साडेतीन इंचीच्या नादाला लागू नका, काडतूस महाग आणि खांद्याला दणका जास्त, आणि सुपर ब्लॅक ईगल इनर्शियावर (बाराच्या धक्क्यावर) चालणारी हलकी बंदूक असल्याने तो दणका आणखी जाणवतो. गॅसवर चालणारी सेमी-ऑटो (पुढचं काडतूस आपोआप भरणारी) नवशिक्याला सुखाची. बेरेटा ए३०० अल्टिमा साधारण हजारात येते आणि तुमच्या बजेटमध्ये मला तीच बरोबर वाटते. वर्षाला चार-पाचच ट्रिपा झाल्या तर पंप ॲक्शन (दर बारानंतर हाताने ओढून भरायची) पुरे, मॉसबर्ग ५०० किंवा रेमिंग्टन ८७०, ४०० ते ५०० मध्ये. ८७० तर १९५० पासून बनतेय, जुनी हवी तेवढी मिळते. तुम्ही उंची ५ फूट ५ इंच लिहिलीय, तेव्हा दुकानात जाताना जाडं जॅकेट घालूनच जा, बंदूक खांद्याला लावून बघा, स्टॉक (मागचा दस्ता) काखेत अडकत असेल तर ती बंदूक कितीही डिस्काउंटमध्ये असली तरी तुमची नाही. तुमच्याकडे खाऱ्या पाण्याची दलदल आहे, लाकडी स्टॉक आणि चकचकीत निळी नळी तिथे गंजते, प्लॅस्टिकचा स्टॉक घ्या आणि घरी आल्यावर आंघोळीच्या आधी बंदूक पुसा.

एका मित्राच्या सासऱ्यांची जुनी बेल्जियममध्ये बनलेली ब्राऊनिंग ऑटो-५ २०० डॉलरला मिळतेय म्हणालात. मोह होणारच, पण पाणपक्ष्यांसाठी शिशाचे छर्रे १९९१ पासून देशभर बंद आहेत आणि स्टीलचे छर्रे त्या जुन्या नळीत घालू नका असं कंपनीच सांगते. मग उरतात बिस्मथ ह्या धातूचे छर्रे, ते स्टीलच्या दुपटीने तरी महाग, २५ च्या डब्याला ५० च्या आसपास. सीझनला सहा डबे धरले तर दीडशे जास्तीचे, दोन सीझनमध्ये स्वस्ताई संपली. आणि मित्राकडून घेतली, डीलर मध्ये नाही, म्हणून व्हिसाचा नियम सुटतो असं अजिबात नाही.

बाकी लिस्टमधून कयाक काढा, मित्रांकडे बोट आहे. डेकॉय पण त्यांच्याकडेच आहेत. ९०० चे वेडर्स सप्टेंबरच्या टीलला काय करायचेत, पाणी कोमट, लोक जुनी पँट आणि बूट घालून उतरतात, डासांचं आणि मर्फ्रीकडे ॲलिगेटरचं तेवढं बघा. १३० वाले घ्या, फक्त कमरेचा पट्टा घट्ट आवळायचा, पाण्यात पडलात तर तोच आत पाणी भरू देत नाही. एक गोष्ट मात्र लिस्टमध्ये नव्हती आणि हवी, कुलूप लागणारं स्टीलचं कपाट, साधारण २००. घरात पाच वर्षांचं मूल आहे, टेक्सासमध्ये निष्काळजीपणे ठेवलेली भरलेली बंदूक १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाताला लागली तर तो गुन्हा आहे, आणि बायकोचा व्हिसाचा मुद्दा वर सांगितलाच. त्या कपाटावर टेक्सासात सेल्स टॅक्सही लागत नाही.

काही जण मला म्हणतील की भारतात १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली आणि तू उजनीला पक्षी बघायला जाणारा माणूस असल्या गोष्टींचं बजेट काढून देतोस. प्रत्येकाने आपलं ठरवावं. १९३४ पासूनच्या त्या डक स्टॅम्पच्या डॉलरमधले ९८ सेंट पाणथळ जागा विकत घ्यायला आणि राखायला जातात, म्हणून शिकार न करता नुसता स्टॅम्प विकत घेणारे पक्षीवालेही आहेत. वहिनींना पटत नसेल तर २५ डॉलरचा स्टॅम्प आणि एक चांगली दुर्बीण हा पर्यायही आहे, तो सगळ्यात स्वस्त.

दुकानाचं ते कार्ड मात्र घेऊ नका. १८ महिने बिनव्याजी म्हणजे बहुतेकदा डिफर्ड इंटरेस्ट, महिन्याला ३०० प्रमाणे सगळं फेडत आलात आणि शेवटी ५० डॉलर राहिले तरी पहिल्या दिवसापासूनचं व्याज एकदम लावतात. वर्षाला १,८०० च्या आत राहिलात तर कार्डाची गरजच नाही. टेक्सासची नवी लायसन्सं ऑगस्टच्या मध्यापासून मिळायला लागतात, तोपर्यंत वकील आणि ऑनलाईन कोर्स उरकून घ्या, आणि फोनमध्ये दरवर्षी २० ऑगस्टचा रिमाइंडर आत्ताच लावून टाका.