हातमोजे न काढता

वाचकांचे प्रश्न : गिर्यारोहण

प्रश्न : मी ३४ वर्षांचा, नाशिकला बँकेत नोकरीला. कळसूबाईला वीसएक वेळा गेलोय. गेल्या वर्षी एव्हरेस्ट बेस कॅम्पचा ट्रेक केला, डोकंसुद्धा दुखलं नाही. आता एक मोहीम कंपनी म्हणते, येत्या ऑक्टोबरात आयलंड पीक हे नेपाळमधलं सहा हजारी शिखर करा, अनुभव लागत नाही, शेर्पा सगळं बघतो. पुढच्या वर्षी मनास्लू हे आठ हजारी शिखर, मग एव्हरेस्ट. हातात दहा महिने आहेत. तयारी कशी करू?

उत्तर : ‘शेर्पा सगळं बघतो’ हे ऐकलं की मला माझा उजव्या हाताचा मोजा आठवतो. आयलंड पीकचीच गोष्ट. शेवटच्या बर्फाच्या भिंतीवर फिक्स रोप लावलेला असतो, त्यावर जुमार, म्हणजे दोरावर फक्त वर सरकणारी खटक्याची पकड, सरकवत चढायचं. वाटेत अँकर, म्हणजे दोर पक्का बांधलेली जागा, आला की जुमार काढून पलीकडच्या दोरावर लावायचा. जाड मोज्यात मला त्याचा खटका दाबता येईना. मागे सात-आठ जण खोळंबलेले. मी मोजा काढला, दातात धरला, आणि शेर्पाने ‘ठीक हो?’ विचारल्यावर ‘हो’ म्हणायला तोंड उघडलं. मोजा गेला. त्याने काही न बोलता सॅकमधून स्वतःचा जादा मोजा काढून दिला. शिखर झालं, फोटोही आहे. पण महिनाभर बोटांची टोकं बधिर होती, पोळ्या करताना तव्याचा चटका कळायचा नाही. शेर्पा बघतच होता की! पण खटका मलाच दाबायचा होता.

तेव्हा जुमार, हार्नेस (कमरेला बांधायचे पट्टे) आणि जाड मोजे आत्ताच आणा. इमारतीच्या जिन्याच्या कठड्याला दोर लावा, तीन-चार ठिकाणी बांधून घ्या, हे तुमचे अँकर. प्रत्येक ठिकाणी आधी सेफ्टी स्लिंगचं, म्हणजे हार्नेसला अडकवलेल्या पट्ट्याचं, कॅराबिनर (उघडमिट होणारी कडी) पलीकडे, मग जुमार. दोन्ही एकदम सुटलेत असा क्षण येता कामा नये. मोजे घालून, नंतर दिवा बंद करून. उतरतानाही तेच, फिगर ऑफ एटवर, म्हणजे दोरावरून उतरायच्या आठ आकड्याच्या कडीवर. उतरताना माणूस दमलेला असतो आणि शिखर झाल्याच्या आनंदात असतो, त्यामुळे उतरायचा सराव दुप्पट करा. शेजारी हसतील.

पायांची काळजी मला तुमच्याबाबत कमी वाटते. १,६४६ मीटरच्या कळसूबाईने दम तयार होतो, पण वीस वेळा सकाळी निघून दुपारी मिसळ खायला खाली येणं वेगळं. एकदा रात्री एक वाजता चढायला सुरुवात करा, कारण शिखराचा दिवस त्याच वेळी सुरू होतो. त्र्यंबकला ब्रह्मगिरीच्या पायऱ्या आहेतच. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून बारा किलो वजन घेऊन चढा आणि वर पोचल्यावर पाणी झाडांना घालून रिकामे उतरा, गुडघे वाचतात. महिन्यातून एकदा शनिवार-रविवार दोन्ही दिवस सात-आठ तास चाला. शनिवार कुणालाही जमतो. रविवारी सकाळी बूट बांधताना काय वाटतं ते बघायचंय.

सह्याद्री जे देऊ शकत नाही ते बर्फावर जाऊनच शिकावं लागतं : क्रॅम्पॉन (बुटांखाली बांधायचे लोखंडी दात) घालून चालणं, घसरल्यावर आइस अ‍ॅक्सने स्वतःला थांबवणं. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था किंवा दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट इथला बेसिक कोर्स साधारण चार आठवड्यांचा असतो. बँकेत एवढी रजा मागणं म्हणजे मॅनेजरशी वैर, ठाऊक आहे. तरी मागा. जागा फार आधी भरतात, म्हणून या आठवड्यातच चौकशी करा. ‘ए’ ग्रेड मिळवा, पुढच्या अ‍ॅडव्हान्स कोर्सला ती लागते. कोर्स झाला तर ऑक्टोबरात आयलंड पीकला खुशाल जा.

मनास्लू मात्र पुढच्या वर्षी नको. ते ८,१६३ मीटर आहे. बेस कॅम्पच्या ट्रेकमध्ये तुम्ही सर्वांत उंचावर झोपलात ते गोरखशेपला, ५,१६० मीटरच्या आसपास, आणि तेही लॉजमध्ये, समोर गरम डाळभात. साडेपाच हजारांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो. त्याच्याही वर तंबूत चार रात्री काढायच्या, बर्फ वितळवून पाणी करायचं, भूक मेलेली असताना चार घास पोटात ढकलायचे, हे तुमच्या शरीराला मानवतं का, ते अजून तुम्हालाही माहीत नाही. मध्ये एक सात हजारी करा. झंस्कारमधलं नून ७,१३५ मीटर आहे, पासपोर्टही लागत नाही. मग मनास्लू. एव्हरेस्टचं त्यानंतर बघू. नेपाळ बाजूने वसंत ऋतूतल्या नुसत्या परवान्याचे सप्टेंबर २०२५ पासून १५,००० डॉलर झालेत, त्यामुळे पैसे साठवायलाही तुम्हाला ती वर्षं लागतीलच.

कंपनीला विचारा : शिखराच्या दिवशी एका शेर्पामागे किती जण? किती वाजता, असू तिथून मागे फिरायचं? हवामानासाठी राखीव दिवस किती? हेलिकॉप्टरचा विमा कुणी काढायचा? ‘ते तिथे गेल्यावर बघू’ असं उत्तर आलं तर दुसरी कंपनी बघा.

प्रश्न : उंचीवर जाताना डायमॉक्स ही उंचीच्या त्रासासाठीची गोळी घ्यावी की नाही? आमच्या ग्रुपमध्ये दोन तट पडलेत. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : तट पडण्यासारखं त्यात काही नाही. ही गोळी शरीराला उंचीची सवय लवकर व्हायला मदत करते, त्रास दडपत नाही. डॉक्टरांना विचारून घ्या, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. लघवीला जास्त होईल, बोटांना मुंग्या येतील आणि सोडा बेचव लागेल. पण डोकं दुखतंय, मळमळतंय आणि तरी गोळी खाऊन वर चढायचं, हे नाही. सरळ रेषेत पावलं टाकता येईनात, किंवा बसल्या जागी धाप लागली, तर गोळ्यांवर चर्चा करत न बसता खाली उतरायला लागा, रात्र असली तरी.

प्रश्न : ताई, मी सांगलीची, वय २९. लडाखच्या कांग यात्से-२ वर मला गाइडने ५,९०० मीटरवरून परत पाठवलं. मैत्रिणी शिखरावर जाऊन आल्या. विमानाने लेह, पाचव्या दिवशी बेस कॅम्प, सहाव्या रात्री चढाई असा कार्यक्रम होता. डोकं दुखत होतं, पण मी चालत होते! क्रॅम्पॉन बांधायला चाळीस मिनिटं गेली, तीही अंधारामुळे. पैसे पूर्ण भरले होते. तक्रार करू का?

उत्तर : कर, पण गाइडची नको. लेह ३,५०० मीटरवर आहे आणि तू तिथे विमानाने उतरलीस. बेस कॅम्प पाच हजारांच्या वर. तीन हजारांनंतर झोपायची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त चढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हा साधा हिशेब आहे. मांडून बघ. लेहमध्ये दोन दिवस थांबलात तर वरच्या वाटेला विसाव्याचा दिवसच उरत नाही, आणि विसावा घेतलात तर लेहमध्ये घाई झाली. त्यावर एका रात्रीत बाराशे मीटर चढून ६,२५० चं शिखर. तक्रार त्या कार्यक्रमाची कर, लेखी, तारखा आणि मुक्कामाच्या उंच्या घालून. मैत्रिणी जाऊन आल्या म्हणून कार्यक्रम बरोबर ठरत नाही.

गाइडने तुझं डोकं बघितलं, घड्याळ बघितलं आणि उतरायला लागणारा वेळ धरला. मी त्याच्या जागी असते तर तुला शंभर मीटर आधीच फिरवलं असतं. राग येणारच. मला एकदा असंच परत पाठवलं होतं, तेव्हा मी गाइडशी दोन दिवस बोलले नव्हते. तिसऱ्या दिवशी त्याच्याच हातचा चहा प्यावा लागला.

आणि चाळीस मिनिटांचं म्हणशील, तर अंधार मैत्रिणींनाही होताच. क्रॅम्पॉन भाड्याचे होते ना? पट्टे आदल्या दुपारी बुटांवर बसवून बघितले होतेस का? पुढच्या वर्षी जाशील तेव्हा एक दिवस आधी लेहमध्येच ते घे, खोलीतला दिवा घालव, मोजे घाल आणि घड्याळ लावून बांध. पाच मिनिटांत झाले की मला कळव.