छातीच्या फोटोत डाग दिसला म्हणजे न्यूमोनियाच का?

ताई, तुमचं बाळ १४ महिन्यांचं, तीन दिवस ताप-खोकला. तासगावात काढलेल्या एक्स-रेच्या रिपोर्टमध्ये 'दोन्ही बाजूंना मार्किंग्ज (फुफ्फुसातल्या नळ्या-रक्तवाहिन्यांच्या रेघा) वाढलेली, न्यूमोनियाची शक्यता' असं लिहून आलंय. सांगलीच्या बालरोगतज्ज्ञांनी तपासून 'व्हायरल आहे, अँटिबायोटिक नको' म्हटलं. आणि सासूबाईंचं म्हणणं, फोटोत दिसतंय ते खोटं कसं?

मी डॉक्टर नाही. मिरजेत एक्स-रे टेक्निशियन म्हणून नोकरी झाली, त्यामुळे फोटो निघतो कसा तिथून सुरुवात करतो.

एवढ्या पोराला 'श्वास घे, रोखून धर' सांगून उपयोग नसतो. आई दोन्ही हात डोक्याजवळ धरते, पोर टाहो फोडतं, आणि आम्ही रडता रडता ते मोठा श्वास आत घेईल त्या क्षणाची वाट बघत बटणावर बोट ठेवून उभे. तो क्षण हुकून श्वास सोडताना फोटो आला, की फुफ्फुसं आकसलेली, हृदय मोठं आणि सगळीकडे पांढुरकं दिसतं. अंग जरा तिरकं झालं तर एक बाजू काळी, दुसरी पांढरी. लहान बाळांत हृदयाच्या वर थायमस ग्रंथी असते, नवख्याला तीही डागच वाटते. गळ्यातला ताईत काढायला आजी तयार नसते, त्याची सावली वेगळीच.

फोटो चांगला आला तरी वाचणाऱ्यांचं एकमत होईलच असं नाही. फुफ्फुसाचा अख्खा भाग पांढरा झालाय किंवा बाजूला पाणी साठलंय, हे बहुतेक सगळे सारखंच सांगतात. 'मार्किंग्ज वाढलेली' यावर मात्र दोन रेडिओलॉजिस्टही वेगळं बोलतात. न्यूमोनियाच्या लसींच्या अभ्यासात याचीच अडचण व्हायची, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये मुलांच्या छातीचे फोटो वाचायची ठरावीक पद्धत काढली.

शिवाय जंतू व्हायरस की बॅक्टेरिया, हे फोटो सांगत नाही. दोन वर्षांखालच्या मुलांत ब्रॉन्किओलायटिस (फुफ्फुसातल्या बारीक नळ्यांची व्हायरल सूज) झाला, तर कफाने बारीक नळ्या बंद होऊन फुफ्फुसाचा छोटा भाग मिटतो आणि तो हुबेहूब न्यूमोनियासारखा दिसतो. उलट खऱ्या न्यूमोनियातही पहिल्या दिवशी फोटो स्वच्छ येऊ शकतो. ज्या मुलावर घरीच उपचार होणार आहेत, त्याचा सरसकट फोटो काढू नये, असं ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही मार्गदर्शक तत्त्वांनी २०११ मध्येच सांगितलंय. आपल्याकडे मात्र फोटो काढला नाही तर डॉक्टरांनी नीट तपासलं नाही असं आपल्यालाच वाटतं.

तुमच्या सांगलीच्या डॉक्टरांनी पोराला उघडं करून बघितलं, त्याला माझ्या मते जास्त वजन द्या. घरी तुम्हीही बघा. बाळ शांत किंवा झोपलेलं असताना अंगरखा वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. वय दोन महिन्यांखाली असेल तर ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त म्हणजे धाप. तापात श्वास वाढतो, म्हणून ताप उतरल्यावर परत मोजा. बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, कण्हत असेल, पीत नसेल, झापड असेल, ओठ निळसर वाटले, किंवा बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या खाली असेल, तर रात्र असो की पहाट, थेट दवाखाना गाठा.

फोटो निरुपयोगी नाही हं. आजार जोरात असेल, औषध सुरू करून दोन-तीन दिवसांत उतार नसेल, पाण्याची शंका असेल, तर तो हवाच. आपल्याकडे घरोघरी शेंगदाणे. खाताना ठसका लागून अचानक खोकला सुरू झाला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही, एका बाजूला अडकलेली हवा कधी दिसते, कधी तीही नाही. सोनोग्राफीचं हल्ली बरंच ऐकू येतं, कडेचा न्यूमोनिया आणि पाणी तिच्यात छान दिसतं, पण करणारा हात सरावाचा पाहिजे. रेडिएशनची धास्ती एका फोटोपुरती सोडून द्या, प्रमाण अगदी थोडं असतं.

मिरजेला दुसरं मत घ्यायला निघालात तर नुसता रिपोर्टचा कागद नेऊ नका, फिल्म न्या. खिडकीसमोर धरून मोबाइलवर काढलेल्या फोटोत ट्यूबलाइटची चमकही डाग होऊन बसते.