नैराश्यात श्वासाचा सराव सुरू करताना

पहिली गोष्ट, गोळ्या चालू असतील तर त्या चालूच ठेवा. श्वासाचा सराव उपचाराच्या जोडीला असतो, बदली म्हणून नाही.

नाशिकमधल्या गंगापूर रोडच्या जॉगिंग ट्रॅकवर मांडी घालून बसलंच पाहिजे असं काही नाही. घरातली खुर्ची चालते: पाय जमिनीला टेकलेले, पाठ सैल पण सरळ, एक हात पोटावर. नाकाने साधारण चार सेकंद श्वास घ्या, सहा सेकंद सोडा. म्हणजे मिनिटाला सहा श्वास. सुरुवातीला पाचच मिनिटं, दिवसातून दोनदा. नाशिकच्या थंडीत पहाटे उठवत नसेल तर दुपारी करा. पहाटेचा हट्ट नैराश्यात हमखास मोडतो आणि मग अपराधीपणा वाढतो.

चक्कर आली, बोटांना मुंग्या आल्या, तर श्वास जास्त खोल आणि भरभर होतोय. रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी झाल्याने तसं होतं. मोजणं सोडा, नेहमीसारखा श्वास येऊ द्या. भस्त्रिका, कपालभाती असे जोरजोरात श्वास घेण्या-सोडण्याचे प्रकार सध्या नकोच.

मन भरकटणारच. भरकटलं हे लक्षात येणं हाच सराव, त्यामुळे स्वतःला रागावू नका. डोळे मिटल्यावर तेच काळे विचार फिरू लागले तर डोळे उघडे ठेवून पावलं मोजत चाला. छातीत धडधड वाढली तर लक्ष श्वासावरून तळपायांवर न्या.

जगणं नको वाटत असेल तर सराव बाजूला ठेवा आणि लगेच १४४१६ वर फोन करा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची ही सेवा मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही.