बॉन्ड मुलीचा, जामीन वडिलांचा: विमान कंपनीचे नेमके किती देणे लागते?

प्रश्न : आम्ही निपाणी तालुक्यातले शेतकरी. मुलगी एका विमान कंपनीत को-पायलट आहे. सीपीएल (व्यावसायिक पायलटचं लायसन्स) आम्ही कर्ज काढून केलं. ए-३२० विमानाचं टाइप रेटिंग (ते विशिष्ट विमान उडवण्याची पात्रता) कंपनीने स्वतःच्या खर्चाने करून घेतलं आणि ३ वर्षांचा, २४ लाखांचा बॉन्ड लिहून घेतला. मी जामीन म्हणून सही केली, दोन कोरे चेक आणि शेताचा उतारा दिला. वर्षभराने कंपनीने मुलीकडून पुरवणी पत्रावर सही घेतली आणि मुदत ४ वर्षे केली. नवं ट्रेनिंग काही दिलं नाही, त्या पत्रावर माझी सहीही नाही. आता अडीच वर्षे झाली. दुसरी कंपनी तीन महिन्यांत रुजू व्हा म्हणते. मुलीने चौकशी केली तर एचआरने मेलवर २८ लाख ३२ हजार मागितले. गावात सगळे म्हणतात, असले बॉन्ड कोर्टात टिकत नाहीत, आणि नोटीस आली तर घेऊच नका. जमीन जाईल का?

उत्तर : आधी गावातल्या दोन्ही सल्ल्यांबद्दल, कारण तुमचं खरं नुकसान त्यांनीच होईल.

बॉन्ड कोर्टात टिकतो. करार कायदा १८७२ च्या कलम २७ नुसार कोणाला धंदा-नोकरी करण्यापासून रोखणारा करार रद्दबातल असतो, पण ठरलेला काळ नोकरी करीन, नाहीतर ट्रेनिंगचा खर्च देईन, हा करार त्यात बसत नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात, तेही कर्नाटक उच्च न्यायालयाचा निकाल फिरवून, ३ वर्षे नोकरी किंवा २ लाख रुपये ही अट वैध ठरवली. तुमच्या मुलीच्या बाबतीत तर कंपनीने खरोखर पैसे घातले आहेत आणि ते रेटिंग मुलीच्याच लायसन्सवर चढलं आहे. ते घेऊन ती उद्या दुसरीकडे उडणार. त्यामुळे काहीच देणं लागत नाही, ही भूमिका घेऊ नका. ती न्यायाचीही नाही.

मात्र कंपनीलाही मुलीला कामावर डांबून ठेवता येत नाही. व्यक्तिगत सेवेचा करार कोर्ट जबरदस्तीने पाळायला लावत नाही. कंपनीचा हक्क पैशावर आहे आणि त्यालाही मर्यादा आहे. कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा. कोर्ट देतं ती त्याच्या आतली वाजवी भरपाई. दिल्ली उच्च न्यायालयाने २०११ मध्ये सिक्पा इंडिया या कंपनीच्या दाव्यात हेच केलं. ३ वर्षांच्या बॉन्डपैकी २ वर्षे नोकरी झाली होती, म्हणून सिद्ध झालेल्या खर्चाचा फक्त एक तृतीयांश कंपनीला मिळाला.

आता २८ लाख ३२ हजार फोडून बघा. २४ लाख अधिक १८ टक्के जीएसटीचे ४ लाख ३२ हजार. हा जीएसटी लागतच नाही. बॉन्ड मोडल्याची किंवा नोटीस पगाराची वसुली ही सेवा नव्हे, असं ३ ऑगस्ट २०२२ च्या जीएसटी परिपत्रक क्रमांक १७८ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. मेलला उत्तर देताना हा क्रमांक घाला.

उरलेल्या २४ लाखांचा तपशील लेखी मागा: सिम्युलेटरचे (विमानाची नक्कल करणाऱ्या यंत्राचे) तास, ग्राउंड क्लास, परीक्षकाची फी, राहण्याचा खर्च, प्रत्येकाचं बिल. त्यात लाइन ट्रेनिंग धरलं आहे का, हे मुद्दाम तपासा. लाइन ट्रेनिंग प्रवासी भरलेल्या विमानात होतं, कंपनी त्या फेरीचं तिकीट विकते. तो सगळा ट्रेनिंगचा खर्च म्हणून दाखवला तर हरकत घ्या. ठरावीक काळाने होणारा सिम्युलेटर चेकही नियमाने कंपनीने करायचाच असतो. तो या बॉन्डच्या हिशोबात येत नाही.

यापुढचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. बॉन्ड आणि राजीनाम्याची नोटीस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डीजीसीए या विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या २०१७ च्या नियमानुसार को-पायलटला ६ महिन्यांची आणि कमांडरला (मुख्य पायलटला) १ वर्षाची नोटीस द्यावी लागते. कंपनीने एनओसी (ना-हरकत पत्र) देऊन राजीनामा लवकर स्वीकारला, तरच ही मुदत कमी होते. म्हणजे तीन महिन्यांत रुजू होणं मुलीच्या एकटीच्या हातात नाही. पण हेच तुमच्या फायद्याचं आहे. आज ३० महिने झालेत. आज नोटीस दिली आणि ६ महिने नीट उडाली, तर ३६ महिने भरतात आणि मूळ बॉन्ड आपोआप संपतो. पुरवणी पत्र धरलं तरी ४८ पैकी १२ महिनेच उरतात: दरमहा ५० हजारांप्रमाणे ६ लाख. उलट आज उठून गेली तर १८ महिन्यांचे ९ लाख, शिवाय नोटीस मोडल्याचा वेगळा दावा. २०२३ मध्ये एका विमान कंपनीने अशाच, नोटीस न देता गेलेल्या पायलटांवर मुंबई उच्च न्यायालयात दावे लावले होते.

हा हिशोब करण्याआधी बॉन्डमधलं एक वाक्य शोधा: मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची? लायसन्सवर रेटिंग चढलं तेव्हापासून, की लाइन ट्रेनिंग संपून को-पायलट म्हणून रिलीज मिळाली तेव्हापासून? या दोन तारखांत काही महिन्यांचं अंतर असू शकतं. ते ४ महिने निघालं तर नोटीस पुरी करूनही मूळ बॉन्डचे ४ महिने उरतील आणि २४ लाखांच्या हिशोबाने सुमारे २ लाख ६७ हजार देणं निघेल. तेव्हा रिलीज लेटरची तारीख हाताशी हवी.

पुरवणी पत्र मला कच्चं वाटतं. मोबदल्याशिवाय करार नाही, हे कलम २५. एक वर्ष वाढवून घेतलं आणि बदल्यात ट्रेनिंग, बढती, पगारवाढ काहीच दिलं नाही, तर ते वर्ष कशाच्या बदल्यात, याचं उत्तर कंपनीला द्यावं लागेल. नोकरी चालू ठेवली हाच मोबदला, असं ती म्हणेल. त्यावर वाद होईल, पण तुमची बाजू चांगली आहे. तुमच्यापुरतं कलम १३३ त्याहून भक्कम आहे. जामीनदाराला न विचारता मूळ करारात बदल केला, तर त्यानंतरच्या व्यवहारांपुरता तो मोकळा होतो. तुमची सही ३ वर्षांच्या कागदावर आहे, चौथ्या वर्षाशी तुमचा संबंध जोडू देऊ नका. फक्त मूळ जामीनपत्रात ‘पुढील सर्व बदलांना माझी संमती आहे’ अशा अर्थाची ओळ नाही ना, हे इंग्रजी येणाऱ्या वकिलाकडून वाचून घ्या. मूळ ३ वर्षांपुरती मात्र कलम १२८ प्रमाणे तुमची जबाबदारी मुलीइतकीच आहे. कंपनी तिला सोडून थेट तुमच्यावर दावा करू शकते. ‘इंग्रजी कागद, मला कळला नाही’ हा बचाव फसवणूक सिद्ध केल्याशिवाय चालत नाही.

जमिनीची धास्ती सोडा. उताऱ्याची प्रत म्हणजे गहाण नव्हे. तरीही खात्रीसाठी ताजा उतारा काढून अकरा नंबरच्या रकान्यात बोजा चढलाय का बघा, आणि सब-रजिस्ट्रारकडून ईसी (जमिनीवर बोजा आहे की नाही याचा दाखला) घ्या. दोन्ही स्वच्छ असतील तर आज जमिनीवर काही नाही. पुढे दावा होऊन डिक्री (कोर्टाचा वसुलीचा हुकूम) झाली आणि पैसे दिलेच नाहीत, तर जप्तीचा प्रश्न येतो.

खरी धास्ती चेकची. सही केलेला कोरा चेक कंपनीने रक्कम भरून टाकला, तरी देणं होतं असंच कोर्ट आधी गृहीत धरतं. नव्हतं हे तुम्हाला दाखवावं लागतं. नुसतं स्टॉप पेमेंट करून चेक न वटल्याचा गुन्हा (चलनक्षम दस्तऐवज कायद्याचं कलम १३८) टळत नाही. म्हणून आत्ताच रजिस्टर्ड पोस्टाने आणि मेलने कळवा की हे चेक तारणापोटी दिले होते, मागणी मान्य नाही, हिशोब ठरेपर्यंत ते वटवू नयेत. मुदत पुरी होत असेल तर अमुक तारखेनंतर मूळ बॉन्डचं देणंच राहत नाही, हेही त्यात लिहा. काही रक्कम निघाली तर ती हक्क राखून बँकेतून पाठवा, रोख नको. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं आहे की, काही रक्कम फेडल्यावर ती चेकवर न नोंदवता पूर्ण रकमेचा चेक टाकला, तर १३८ चा गुन्हा होत नाही.

चेक परत गेला तर कंपनीची नोटीस येते आणि ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात; देणं मान्य नसेल तर त्याच मुदतीत उत्तर द्या. पोस्टमनला ‘घर बंद’, ‘घेत नाही’ असं लिहायला लावलं तरी नोटीस बजावली गेली असंच सामान्यतः कोर्ट धरतं. पंधरा दिवस तिकडे संपतात आणि तुम्ही इकडे निर्धास्त. कृपा करून पाकीट घ्या, वरच्या शिक्क्याचा फोटो काढा आणि त्याच दिवशी वकिलाकडे जा.

करारात ‘फक्त दिल्लीचं न्यायालय’ असं कलम असलं, तर बेळगावात दावा लावून टिकणं अवघड आहे. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोकरीच्या करारातलं असं कलम एका बँकेच्या कर्मचाऱ्यांवर बंधनकारक धरलं. लवादाचं कलम असेल आणि लवाद एकट्या कंपनीनेच नेमायचा असेल, तर त्या नेमणुकीला पहिल्याच तारखेला हरकत घ्या.

हे सगळं बघता, दिल्लीच्या तारखांना हेलपाटे घालण्यापेक्षा तडजोड मला बरी वाटते. नोटीस पुरी करून, चौथ्या वर्षाचा वाद राखून, कंपनी ६ लाखांच्या बऱ्याच खाली उतरत असेल तर मिटवा. पण पैसे सुटण्याआधी एकाच कागदावर चार गोष्टी हव्यात: राजीनामा स्वीकारला, बॉन्ड आणि जामीन दोन्ही रद्द, दोन्ही चेक क्रमांकासह परत, यापुढे काही येणं नाही. रिलीव्हिंग लेटर त्याच दिवशी. नवी कंपनी बॉन्डचे पैसे आम्ही भरू म्हणत असेल तर तिचं पत्र आधी मागवा. ते पैसे कर्ज म्हणून देऊन त्यावर नवा बॉन्ड मागितला जाऊ शकतो. तसं असेल तर त्यावर तुम्ही जामीन राहू नका.

नोटीसच्या सहा महिन्यांत मुलीने एकही ड्युटी नाकारू नये, खोटी आजारपणाची रजा टाकू नये, कंपनीची मॅन्युअल्स स्वतःच्या मेलवर पाठवू नयेत. राजीनामा मेलवर द्यावा, त्यात शेवटचा दिवस तारखेसह लिहावा आणि पोच येईपर्यंत रोज इनबॉक्स बघावा.