मतांतर की पक्षांतर?

प्रश्न असा आलाय की बोहुमीर श्मेराल या चेक मजूर पुढाऱ्यावर टिपण लिहिताना "त्याने मतांतर केलं" म्हटलं तर चालेल का, की सरळ पक्षांतर लिहायचं?

मला विचाराल तर दोन्ही नको. मतांतर घडणीने बरोबर आहे, वेषांतर म्हणजे दुसरा वेष तसं मतांतर म्हणजे दुसरं मत, पण हा शब्द आपल्या कानावर पडतो तो "मतमतांतरं"मधून, म्हणजे चार जणांची चार मतं. "श्मेरालचं मतांतर" वाचलं की वाटतं याचं कुणाशी तरी पटत नव्हतं (पुढे चेकोस्लोव्हाकियाचा पहिला अध्यक्ष झालेल्या मासारिकशी नव्हतंच पटत, ते सोडा). आणि पक्षांतराला १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून जो आमदार-रिसॉर्टचा वास चिकटलाय तो काही जात नाही.

आता माणूस बघा. १८८० चा जन्म, कायदा शिकलेला, सोशल डेमोक्रॅट (म्हणजे तेव्हाच्या समाजवादी कामगार पक्षाचा), १९११ला व्हिएन्नाच्या संसदेत निवडून गेला, कारण चेक मुलूख तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यात होता. महायुद्धात मासारिक परदेशात राहून स्वतंत्र देशासाठी खटपट करतोय आणि हा म्हणतोय ऑस्ट्रिया-हंगेरी मोडू नका, मोठं राज्य म्हणजे मोठी बाजारपेठ, त्यात कामगारांचंच भलं. अर्थात लोक खवळले, १९१७ला पक्षाचं नेतृत्व सोडावं लागलं. मग १९२०ला रशियात जाऊन लेनिनला भेटून आला आणि मे १९२१ मध्ये चेकोस्लोव्हाक कम्युनिस्ट पक्षाच्या मुख्य संस्थापकांत हाच! चार वर्षांत टोपी फिरवली असं म्हणायचा मोह होतोच.

पण तो दुसऱ्याच्या पक्षात गेलाच नाही ना, जुना पक्षच उभा फुटला आणि डावी बाजू घेऊन हा बाहेर पडला. शिवाय राष्ट्र नंतर, वर्ग आधी, हे त्याचं पालुपद व्हिएन्नातही तेच होतं. कम्युनिस्ट झाल्यावरसुद्धा हा फार सावकाश चालतो, पुरेसा डावा नाही, अशी ओरड कॉमिंटर्नमध्ये (मॉस्कोतून चालणारी जगभरच्या कम्युनिस्ट पक्षांची संघटना) झालीच, आणि १९२९ला पक्षातल्याच गोटवाल्ड या कडव्या नेत्याच्या मंडळींनी पक्ष ताब्यात घेतल्यावर याला बाजूलाच पडावं लागलं. १९४१ला मॉस्कोत वारला.

म्हणून मी लिहीन "त्याची भूमिका बदलत गेली". यातलं "गेली" महत्त्वाचं, "बदलली" म्हटलं की एका रात्रीत झाल्यासारखं वाटतं. मतपरिवर्तनही मी टाळीन, त्यात दुसऱ्या कुणीतरी मन वळवल्याचा भास होतो आणि मग सगळं श्रेय लेनिनच्या एका भेटीला जातं.

आणि हो, "मजूर पुढारी" पण बदला. मजूर म्हटलं की डोक्यावर पाटी दिसते, हा वकिली शिकलेला, वर्तमानपत्रात लिहिणारा माणूस. कामगार पुढारी लिहा.