पोरगा म्हणते पुस्तकाचा पिक्चर लिहितो, एक एकर काढू काय?

भाऊ, पत्र मिळालं. ब्रह्मपुरी तालुका, चार एकर धान, पोरगा बारावी आर्ट्सला आणि डोक्यात एकच खूळ, जुन्या जादूच्या कादंबऱ्यांचे पिक्चर लिहायचे. अंगठीवाली ती मोठी कादंबरी, द लॉर्ड ऑफ द रिंग्ज, तीनदा वाचली, पिक्चर मोबाइलवर हिंदीत पाहिले, आणि पिक्चरवाल्यांनी टॉम बॉम्बाडिल नावाचं पात्रच गाळलं म्हणून दोन दिवस धड जेवला नाही, मग दोनशे पानी वहीत स्वतःच नवा पिक्चर लिहून काढला. इकडे पुण्याचा एक कोर्सवाला सीट बुक करा म्हणून रोज फोन करतो. तुम्ही विचारलं, हे काम असते तरी काय, आणि कोर्सच्या फीसाठी एक एकर विकायला काढू काय.

जमीन काढू नका. बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल, एवढं आधी ठरवून टाका. मी स्वतः जवान असताना अशाच एका कोर्सला पैसे भरले होते, सहा महिन्यांत कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही, नाव घेत नाही आता.

काम मात्र असते, आणि खरं असते. पटकथा म्हणतात त्याला. पुस्तकावरून लिहिलेल्या पटकथेला ऑस्करमध्ये वेगळं बक्षीस आहे, अंगठीच्या तिसऱ्या भागाला २००४ च्या सोहळ्यात ११ ऑस्कर मिळाले त्यात तेही होतं, आणि ते एकट्या डायरेक्टरला नाही, फ्रॅन वॉल्श आणि फिलिपा बॉयन्स या दोन बाया आणि पीटर जॅक्सन अशा तिघांना मिळून.

आता पत्र पोराच्या हातात द्या, इथून पुढचं त्याच्याशी बोलतो.

हे पहा बाळा, बॉम्बाडिल गेल्याचं तुला वाईट वाटलं ते बरोबरच आहे, पण तो का गेला असेल ते वहीत कुठं लिहिलं नाहीस. जी घातली की माणूस गायब होतो आणि मोहात पडतो ती अंगठी पुस्तकात तो बोटात घालतो आणि गायब होत नाही, उलट तिच्याशी खेळतो. वाचताना मजा येते, कारण हे जग अंगठीपेक्षा मोठं आहे असं वाटते. पण पिक्चरमध्ये पहिल्या तासातच लोकांच्या मनात त्या अंगठीची धास्ती बसवायची असते, आणि तेवढ्यात एक जण गाणं म्हणत येऊन तिला खेळणं करून टाकतो म्हटलं तर धास्ती गेली ना बाप्पा. फारामिर या सरदाराचंही तेच. पुस्तकात तो सरळ म्हणतो, रस्त्यात पडलेली दिसली तरी उचलणार नाही. पिक्चरमध्ये तोच अंगठी घेऊन निघालेल्या फ्रोडोला पकडून ऑसगिलिआथ शहरापर्यंत घेऊन जातो, कारण लिहिणाऱ्यांना वाटलं की एक माणूस इतक्या सहज नाही म्हणाला तर अंगठीत काही दमच उरत नाही. मला स्वतःला पुस्तकातला फारामिर जास्त आवडतो, पण त्यांनी तसं का केलं ते समजते. आणि नदीपाशी फ्रोडोला वाचवायला पुस्तकात ग्लॉर्फिंडेल नावाचा एल्फ येतो, तिथं पिक्चरमध्ये नायिका आर्वेनला आणली, म्हणजे पुढं जिच्यावर जीव लावायचा ती आधीच ओळखीची होते. हे मात्र चांगलंच केलं.

पण म्हणून काहीही बदलता येते असं नाही. ओझच्या जादूगाराच्या कादंबरीत, १९०० ची आहे ती, डोरोथीचे बूट चांदीचे आहेत, १९३९ च्या पिक्चरमध्ये ते लालभडक झाले कारण टेक्निकलरमध्ये, म्हणजे तेव्हाच्या रंगीत पिक्चरच्या पद्धतीत, लाल उठून दिसतो. कोणाचं काही बिघडलं नाही. उलट अर्थसी या जादूच्या कादंबऱ्यांचं पहा. उर्सुला ले ग्विनने गेड हा जादूगार मुद्दाम तांबूस सावळा लिहिला, तिथले बहुतेक लोकच सावळे-काळे, आणि २००४ च्या टीव्ही मालिकेत गेड गोरा करून टाकला, तर बाई जाहीरपणे लिहून चिडल्या. बूट लाल केले तर गोष्ट तीच राहते, गेड गोरा केला तर बाईंनी जी गोष्ट लिहिली तीच राहत नाही. तुझ्या वहीत तू फ्रोडोच्या माळ्याला, सॅमला, शहरात शिकलेला दाखवलंस, आता तूच ठरव तो बूट आहे का गेड.

भाऊ, तुमच्या ओळखीचं उदाहरण देतो. दूरदर्शनवर १९९४ मध्ये सुरू झालेली चंद्रकांता तुम्ही रविवारी सकाळी कोणाच्या तरी घरी दाटीवाटीनं बसून पाहिलीच असेल. त्यातल्या खलनायक क्रूरसिंगचं ते "यक्कू" गावागावात पोरं ओरडायची, पण देवकीनंदन खत्रींच्या कादंबरीत यक्कू नाही, ते मालिकेचं. खत्री बनारसकडचे, चकिया-नौगढच्या जंगलाचे ठेके घ्यायचे, तिथले पडके किल्ले पाहून त्यांना तिलिस्म, म्हणजे कादंबरीतला तो जादूचा भुलभुलैया, सुचलं म्हणतात. आपल्याकडं जंगल कमी आहे काय, चांद्याचा, म्हणजे चंद्रपूरचा, परकोट आहे, भद्रावतीची लेणी आहेत.

आणि कॉपीराइटच्या हक्काचं बोलून घेतो, हे कोणी सांगत नाही. आपल्या कायद्यात लेखक गेल्यावर ६० वर्षं हक्क राहतो. खत्री १९१३ ला गेले, कादंबरी मोकळी आहे, पण यक्कू मालिकेवाल्याचं. ओझही मोकळं, चांदीचे बूट घे, लाल बूट पिक्चरवाल्यांचे. टॉल्किन १९७३ ला गेले म्हणजे २०३३ संपेपर्यंत अंगठीला हात लावायचा नाही, वही सरावाला ठीक आहे, विकायला नाही.

शिक्षणाचं थोडक्यात. पुण्याची सरकारी फिल्म संस्था एफटीआयआय, कोलकात्याची सत्यजित राय फिल्म संस्था, दोन्हीकडं प्रवेश परीक्षा आणि आधी पदवी लागते, म्हणजे बीए करायचंच आहे, ते ब्रह्मपुरीत राहून होते. इंग्रजी वाचायची सवय लाव, त्याशिवाय पुढं अडते. पैसा सुरुवातीला तुटक येतो, मालिकेचे संवाद, डबिंगचे अनुवाद असं करतच लोक वर जातात, महिन्याचा पगार धरून चालू नका भाऊ.

आणि कोर्स पाहिजेच असेल तर तुमच्या बाजूला वडसा आहे. दिवाळीनंतर मंडई, शंकरपट सुरू झाले की होळीपर्यंत झाडीपट्टीची, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाची, नाटकं, रात्री सुरू झालेलं पहाटेपर्यंत चालते आणि थंडीत लोक शाल पांघरून बसून राहतात. पोरा, तू स्टेजकडं पाहू नको, लोकांकडं पहा. कोणत्या प्रवेशाला माणूस चहाला उठतो ते वहीत टाइमासकट लिही, दहा नाटकं तरी. मग वडशाच्या एखाद्या नाटक कंपनीच्या ऑफिसात जाऊन लेखकाला भेट, नट कमी असले, गाणं घालायचंच असलं तर तो काय काय तोडतो ते विचार.

तोवर दोन कामं. चंद्रकांतातला एक प्रसंग घे, सहा पानं, त्यात "त्याला वाटलं", "तिच्या मनात आलं" असं एकदाही येऊ द्यायचं नाही, जे दिसते आणि ऐकू येते तेवढंच. दुसरं, बॉम्बाडिल पिक्चरमध्ये ठेव आणि तरी अंगठीची धास्ती जाऊ देऊ नको, एका पानात. हे जमलं तर मी हरलो म्हणेन. फोटो काढून पाठव, पानांवर नंबर टाक, मागच्या वेळी तुझं सतरावं पान आधी आणि नववं नंतर आलं होतं.