वेलाचा पीळ, तणाव्याची स्प्रिंग

प्रश्न: बाल्कनीतल्या घेवड्याचा वेल रोज संध्याकाळी काठीला गुंडाळून देते, सकाळी तो सुटून लोंबत असतो. वेल सूर्यामागे फिरतो म्हणून असं होतं का?

उत्तर: सूर्याचा यात हात नाही. तुम्ही बहुधा उलटा पीळ देताय. घेवड्याचा पीळ नेहमीच्या स्क्रूच्या आट्यांसारखा असतो. काठीसमोर उभं राहून बघा: पुढच्या बाजूचे वेढे डावीकडे खालून उजवीकडे वर चढतात. वरून पाहिलं तर शेंडा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो, एक फेरी साधारण दोन तासांत. उलटे वेढे दिले की वाढता शेंडा ते उलगडत जातो.

ही दिशा जातीनुसार ठरलेली. पृथ्वीच्या दक्षिण गोलार्धात लावला तरी घेवडा असाच चढेल. कोकणातले कंद घ्या: कोनफळाचा वेल घेवड्यासारखाच उजवा, करांद्याचा आणि कणगराचा मात्र डावा. पानांवरून गोंधळ होत असेल तर खोडाचा पीळ पाहणं जास्त भरवशाचं.

दिशा बरोबर असूनही वेल घसरत असेल तर काठी तपासा. गुळगुळीत पीव्हीसी पाइपवर त्याला पकड मिळत नाही. पाइपला काथ्या गुंडाळा. आधार अंगठ्याएवढा जाड पुरे. जाड खांबाला वेढा घालणं कोवळ्या शेंड्याला जमत नाही. शेंडा काठीला टेकवून सुतळीने सैल बांधा, वेढे त्याचे त्याला घालू द्या.

प्रश्न: काकडीचा तणावा अर्धा एका दिशेने आणि अर्धा उलट दिशेने वळलेला दिसतो. हा रोग आहे का?

उत्तर: नाही, तसा तो वळायलाच हवा. तणाव्याचं टोक जाळीला घट्ट धरतं, त्यानंतर मधला भाग आखडून स्प्रिंग होतो. आता दोन्ही टोकं अडकलेली. सगळे वेढे एकाच दिशेने पडायचे तर एक टोक गरगरा फिरायला हवं, ते शक्य नाही. म्हणून मध्ये कुठेतरी दिशा उलटते आणि उजव्या-डाव्या वेढ्यांची बेरीज-वजाबाकी जुळते. चार्ल्स डार्विनने 1865 साली वेलींवरच्या निबंधात याची नोंद केली आहे. टेलिफोनची जुनी गुंडाळी वायर मधेच उलटी वळते, तीही याच कारणाने.

ज्या तणाव्याला आधार मिळाला नाही, तो बहुधा एकाच दिशेने वळून वाळतो. तो कापला तरी चालेल. स्प्रिंग झालेले तणावे मात्र सोडवू नका; वाऱ्याचा हिसका तेच झेलतात. ते तुटले तर हिसका थेट खोडाला बसतो.